धुकटाची खालची पानं

पट्टीताईची पाचावर धारण बसली ती कापसाच्या एका ओल्या बोळ्यामुळे. हसू नका. ती काही भित्री बाई नव्हे. झुरळ चपलेनं मारायचं आणि त्याच चपलेत पाय घालून कामाला जायचं, अशी ती. पण त्या सोमवारी सकाळी वनस्पती-संशोधन संस्थेच्या संग्रहाच्या खोलीत, भिंगाच्या दिव्याखाली, हातात चिमटा धरून बसल्या बसल्या तिच्या अंगातलं त्राणच गेलं.

तिचं काम पानं मोजायचं. बारा वर्षं हेच. तिच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी कायम असायची आणि अर्ध्या मिलिमीटरवरून ती कुणाशीही भांडायला उभी राहायची, म्हणून सगळे तिला पट्टीताई म्हणत. मॅडमशीसुद्धा भांडायची. मॅडम म्हणजे संस्थेच्या मुख्य. त्यांनी आयुष्यातली पाच वर्षं एका झाडाला दिली होती. धुकट त्याचं नाव. वर्षातले दहा महिने ढगात बुडालेल्या उंच टेकड्यांवर वाढणारं झाड, आणि तेही उरलंय फक्त तीन टेकड्यांवर: अलीकडची, मधली आणि पलीकडची. सगळी मिळून तीनशेसुद्धा नाहीत. पलीकडच्या टेकडीवर तर मोजून अकरा, आणि अकराही म्हातारी. त्यांच्या पायाशी गेल्या दहा वर्षांत एक रोप उगवलेलं नव्हतं.

तिन्ही टेकड्यांची झाडं सारखी की वेगळी, हा मॅडमचा प्रश्न. त्याचं उत्तर पानांत. प्रत्येक झाडाच्या शेंड्यावरची तीस पानं काढायची, संस्थेत आणून पुसायची, दाबून वाळवायची, आणि मग पट्टीताईनं लांबी, रुंदी, देठ, जाडी, पाठीवरची लव असं सगळं वहीत लिहायचं. शेंड्याचीच पानं का, तर एकाच झाडाची वरची, उन्हातली पानं लहान आणि जाड असतात, खालची सावलीतली मोठी आणि पातळ. वरची खालची मिसळली की सगळाच गोंधळ. हे संस्थेच्या पहारेकऱ्यालाही पाठ होतं.

अलीकडच्या आणि मधल्या टेकडीची पानं नऊ सेंटिमीटरच्या आसपास भरली. जाड, पाठीवर तपकिरी लव. पलीकडच्या टेकडीची भरली चौदा! पातळ, आणि लव जवळजवळ नाहीच. मॅडम उडी मारायच्याच बाकी होत्या. "अगं, ही वेगळी जात आहे! अकराच झाडं आणि तीही वेगळी!" वेगळी जात ठरली की तिथे दुसऱ्या टेकडीचं रोप लावायचं नाही, भेसळ नको. मधल्या टेकडीच्या बियांची दोनशे दहा रोपं पलीकडे न्यायला रोपवाटिकेत तयार उभी होती. मॅडमनी ती थांबवली. येत्या गुरुवारी नव्या जातींना मान्यता देणाऱ्या समितीचे साहेब येणार होते, पानं काढताना स्वतः बघणार होते, आणि मग शिक्का बसणार होता.

आता तो कापूस. पान दाबण्याआधी ओल्या बोळ्यानं पुसायचं, ही पट्टीताईची सवय. धूळ, कोळ्याचं जाळं, काय असेल ते निघून जातं. साहेबांना दाखवायला म्हणून सोमवारी तिनं पलीकडच्या टेकडीचं एक पान भिंगाखाली धरलं. त्याची एक कडा पुसायची राहिली होती. त्या कडेवर बारीक हिरवे ठिपके होते. शेवाळ. आणि तिला आठवलं, हे ठिपके तिनं त्या टेकडीच्या तीनशे तीस पानांवरून पुसले होते. एकूण एक. तेव्हा मनाशी म्हणाली होती, जास्त ओली टेकडी असेल बाई.

शेंड्याच्या पानावर असं शेवाळ धरत नाही. तिथे ऊन लागतं, वारा लागतो. ते धरतं खाली, जिथे पान कधी वाळतच नाही. बारा वर्षं पानं हाताळणाऱ्या बाईला हे कळू नये? नाही कळलं. स्वच्छतेच्या सोसापायी तिनं पुरावाच पुसून टाकला होता.

तिनं वही उघडली. 'फांदी' या रकान्यात अकराही ठिकाणी एकच शब्द होता: शेंडा. अक्षर तिच्या वडिलांचं होतं; झाडावर चढून पानं काढायचे ते, आणि तो रकानाही तेच भरायचे.

वडिलांना संस्थेत खार म्हणत. एकोणसाठ वय, त्यातली पस्तीस वर्षं झाडावर. सडसडीत अंग, पायाचे अंगठे बाहेर वळलेले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाप आणि लेक तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत, भांडत आणि मजेत. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते गॅलरीत स्टुलावर बसून दोरी तपासत होते. डोळे मिटून, साठ मीटर दोरी बोटांतून इंच इंच सरकवत. गुरुवारची तयारी.

"बाबा, पलीकडच्या टेकडीवर तुम्ही शेंड्यापर्यंत गेला होतात?"

"मग पानं काय पोस्टानं मागवली?"

"पानांवर शेवाळ होतं."

दोरी थांबली.

"तू पुसतेस ना पानं?"

"एक कडा राहिली."

"बघ! कामात चोख राहा म्हणून बोंबलत असतो मी. राहिली ना कडा?" ते हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. मग दोरी मांडीवर ठेवून म्हणाले, "पहिल्याच झाडावर झालं ते. दहा मीटरच्या, दोरीवरच्या दुसऱ्या खुणेच्या थोडा वर होतो आणि ढग आला. ढग काय मला नवा आहे? पण त्या दिवशी खाली बघितलं तर खाली काही नाही, वर बघितलं तर वर काही नाही. आणि हात बंद झाले, पोरी. खोडाला मिठी मारली ती सुटेचना. सोड म्हणतोय हाताला, आणि हात ऐकेनात. दीड तास. दोरीवाल्यानं शिव्या घालून घालून उतरवला मला."

दोरीवाला म्हणजे त्यांचा जुना दोस्त, जमिनीवरून दोरी सांभाळणारा. तो तीन महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन मुलाकडे गेला होता आणि जाताना तोंडाला कुलूप लावून गेला होता.

"मग अकराही झाडांची पानं?"

"लांब दांड्याची कात्री. खालच्या फांद्या."

पट्टीताई घाबरली. खोटं लिहिलं म्हणून नाही. ते नंतर सुचलं. तिच्या डोळ्यांसमोर आला तो गुरुवार. "साहेबांसमोर चढायचंय तुम्हाला. मी उद्याच मॅडमना सांगते."

"सांग. ज्या दिवशी सांगशील त्या दिवसापासून मी या घरात जेवणार नाही." एकोणसाठ वर्षांचा माणूस, आणि धमकी ही! मग आवाज उतरवून म्हणाले, "ऐक माझं. गुरुवारी ढग असणारच. ढगात कुणाला दिसतंय? मी दुसऱ्या खुणेपर्यंत जातो, खालचीच पानं काढतो, खाली येतो. माप तेच भरेल. साहेबही खूश, मॅडमही खूश. दोरी तुझ्याच हातात असेल, तू अवाक्षर काढू नकोस."

आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडणारी पट्टीताई काय म्हणाली? "चालेल," म्हणाली. बाप जिवंत खाली यावा, एवढंच तिला हवं होतं. झाडं गेली खड्ड्यात, असं ती मनात म्हणाली, अगदी याच शब्दांत, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

मंगळवारी ती मॅडमच्या दारापर्यंत गेली. मॅडम नकाशावर पलीकडच्या टेकडीभोवती रंगीत पेन्सिलीनं कुंपण काढत होत्या. "ये गं. तुझ्या बाबांचे पाय धरायला हवेत. ते नसते तर ही झाडं कुणाला कळलीच नसती." "डिंक संपलाय, एवढंच सांगायला आले होते," असं म्हणून पट्टीताई परत फिरली.

बुधवारी तिनं खिडकीतून बघितलं, वडील रोपवाटिकेत उभे होते. धुकटाची रोपं काळ्या पिशव्यांत ओळीनं मांडलेली. ते माळ्याला विचारत होते, ही पिशवीत अजून किती दिवस तग धरतील. माळी म्हणाला, "मुळं पिशवी फाडून बाहेर आलीत की. महिनाभरात जमिनीत नाही गेली तर द्या फेकून." वडील खाली बसले. एका रोपाचं पान त्यांनी दोन बोटांत धरलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं. तिला वाटलं, गुडघे दुखत असतील.

गुरुवारी ढग होताच. जीपनं रस्ता संपेपर्यंत नेलं, पुढे दोन तास चाल. साहेब जाडजूड, प्रत्येक वळणावर थांबून "अजून किती?" विचारणारे, पण माणूस तिखट नजरेचा. पलीकडच्या टेकडीवर पोचले तेव्हा दहा पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं. सगळीकडून पाणी ठिबकत होतं. धुकटाचं खोड समोर उभं होतं, बुंध्याशी दोघांच्या कवेत मावणार नाही असं, आणि सात-आठ मीटरवर ते ढगात शिरून नाहीसं होत होतं.

पट्टीताईनं कमरेचा पट्टा आवळला. पट्ट्याला लोखंडी आठ, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी जाड रिंग, त्यातून दोरी ओवलेली; वरचा माणूस ती फांद्यांत अडकवत चढेल तशी सोडायची, पडला तर करकचून धरायची. दर पाच मीटरवर दोरीला चिकटपट्टीची कडी गुंडाळलेली. पाच मीटरला एक, दहाला दोन, पंचवीसला पाच. डोळे मिटूनही बोटांना कळावं म्हणून.

"येतो," वडील म्हणाले आणि तिच्याकडे न बघता चढू लागले.

एक कडं बोटांखालून गेलं. मग दोन कडी. बस, तिनं मनात म्हटलं, झालं, आता थांबा, काढा पानं आणि या खाली.

दोरी थांबली नाही.

तिनं दोनदा हिसका दिला. दोन हिसके म्हणजे थांबा. वरून एक हिसका आला. एक म्हणजे सैल सोड.

तीन कडी गेली. साहेब शेजारीच उभे होते. ओरडावं तरी काय? 'बाबा, आपलं ठरलंय तसं खोटंच करा ना' असं? तिनं पुन्हा दोन हिसके दिले. पुन्हा वरून एकच. हट्टी, हट्टी म्हातारा! चार कडी गेली, म्हणजे वीस मीटर. आणि तिथे दोरी थांबली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. ढग आणखी दाटला. वरून ना फांदी मोडल्याचा आवाज, ना कात्रीचा.

"काय करतायत ते?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

"दमतात कधी कधी," मॅडम हसून म्हणाल्या. "पण आमची खार आहे हो ती."

पट्टीताईला दोरीतून कळत होतं. दोरी अगदी बारीक थरथरत होती, तारेतून वीज जावी तशी. तो वारा नव्हता. ते तिच्या वडिलांचे हात होते. खोडाला मिठी मारून बंद झालेले, या वेळी दुप्पट उंचीवर, आणि शिव्या घालून उतरवणारा दोस्त खाली नव्हता. वीस मिनिटं. हातातलं बळ संपलं की मिठी सुटणार, आणि ती कशी सुटेल, कुठल्या फांदीवर आपटतील, काही सांगता येत नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज इतका चिरका निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. "ते अडकलेत. त्यांना उंचावर भीती वाटते. गेल्या वेळीपण ते वर गेलेच नव्हते. ती पानं खालची आहेत. सगळीच्या सगळी. मला सोमवारीच कळलं होतं."

मॅडमचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. "काय बोलतेयस तू?"

"चौदा सेंटिमीटर म्हणजे सावलीचं पान. वेगळी जात नाही. मीच शेवाळ पुसलं, मीच." आणि मग तिनं मान वर करून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून आरोळी ठोकली, "बाबा! सांगितलं मी! मॅडमना सगळं सांगितलं! आता काही करायचं नाहीये! खाली या!"

ढगानं आवाज गिळला. साहेब एकदा मॅडमकडे, एकदा झाडाकडे बघत होते.

मग दोरीला एक हिसका बसला.

तिला वाटलं भास झाला. पुन्हा एक. सैल सोड. "नाही!" ती ओरडली. "वर नाही, खाली!" पण दोरी ओढली जात होती, हळूहळू, वीतभर, थांबून परत वीतभर. न सोडावी तर त्यांना मागे ओढल्यासारखं होईल. ती रडत रडत सोडत राहिली. बोटांखाली एक कडं आलं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. शेंडा.

तीन हिसके. पानं काढली.

पातळ सुतळीला बांधलेली कापडी पिशवी ढगातून खाली आली आणि मॅडमच्या पायाशी टेकली. मॅडमनी ती उघडली. पट्टीताईनं बघितलंसुद्धा नाही, तिचे डोळे दोरीवर होते, पण साहेबांचा आवाज तिच्या कानावर पडला: "लहान आहेत की. आणि ही लव." मग चिखलात कुणीतरी मटकन बसल्याचा आवाज आला. बसल्या त्या मॅडम होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची पाच वर्षं.

आता उतरायचं होतं. उतरायचं म्हणजे काय, तर वर दोरी अडकवून झाल्यावर खोड सोडून द्यायचं, दोन्ही हातांनी, आणि सगळं वजन खालच्या माणसावर टाकायचं. पस्तीस वर्षांत बाबांनी हे हजारदा केलं असेल. आता दोरी पुन्हा थरथरत होती.

"बाबा, हात सोडा!"

दोरी जागची हलली नाही.

"बाबा! ऐकू येतंय का? हात सोडा, मी धरलंय!"

आणि मग वरून, खूप लांबून, लहान मुलाच्या आवाजात, "नक्की धरलंयस?"

जन्मात तिनं हा आवाज ऐकला नव्हता. तिलाही तेवढीच भीती वाटत होती. घामानं तळवे निसरडे झाले होते, आणि हे त्यांना कळलं तर संपलंच सगळं. तिनं दोरी मनगटाला एक वेढा देऊन घेतली, टाच मुळीत रोवली आणि रोज सकाळी चहासाठी हाक मारायची त्या आवाजात ओरडली, "अर्धा मिलिमीटरसुद्धा हलू देणार नाही! उगाच वेळ घालवू नका, चला!"



मग वजन आलं. असं आलं की ती दोन पावलं पुढे फरफटत गेली, गुडघा खोडावर आपटला, मनगटाचं कातडं सोललं गेलं. पण लोखंडी आठानं दोरी धरली आणि तिनं आठाला धरलं. मॅडम कधी उठून मागे आल्या तिला कळलं नाही; त्यांनी तिचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला होता आणि त्या जोरजोरात श्वास घेत होत्या. इंच इंच करत ती दोरी सोडू लागली. कडं येईल तसं मोठ्यानं सांगत होती, म्हणजे वर त्यांना कळावं. "आलं एक! आलं दुसरं, बाबा!" घसा बसला तरी सांगत राहिली.

आधी ढगातून जोडे दिसले. मग चिखलानं माखलेली विजार. मग सगळे बाबा.

ते जमिनीवर टेकले आणि टेकले तसेच बसले. बोटं अजून आखडलेली होती, खोड धरल्यासारखी. मॅडम समोर उभ्या राहिल्या. "उद्या दहाला माझ्या खोलीत. दोघांनीही," त्या म्हणाल्या. पुढे गेल्या, थांबल्या, आणि पाठ तशीच ठेवून म्हणाल्या, "आणि माळ्याला निरोप द्या. रोपं पिशवीत राहणार नाहीत आता."

पट्टीताईनं वडिलांच्या शेजारी बसून त्यांची बोटं एकेक करून उघडायला घेतली. अंगठा, मग तर्जनी. कशाला गेलात वर, ठरलं होतं ना आपलं, मी मेले असते इथे, असं बरंच काही तिच्या तोंडावर आलं होतं आणि तोंडातून फक्त हुंदके निघत होते.

"अकरा म्हातारी झाडं," ते इतकंच म्हणाले. "माझ्या एका शब्दापायी निपुत्रिक जातील, हे काही मला झेपेना."

करंगळी उघडली. त्यांनी हात मिटून बघितला, उघडून बघितला. मग तिच्या सोललेल्या मनगटाकडे बघितलं, आणि पटकन दुसरीकडे बघत घसा खाकरला.

"संध्याकाळी जेवायला काय करणार आहेस?" त्यांनी विचारलं.